न खरवडलेली भिंत

माझ्या शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी एक चार इंची खिळा असतो. बसमध्ये शेजारचा प्रवासी तो पाहून जरा सरकून बसतो. बायकोने तीन शर्टांचे फाटलेले खिसे शिवून दिले आणि चौथ्याच्या वेळी सांगितलं, की आता खिळा तरी सोडा नाहीतर शर्ट तरी. मी दोन्ही सोडले नाहीत. हा खिळा माझ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं अवजार आहे. एकदा, एकदाच, तो मी खिशातून काढला आणि न वापरता परत ठेवला. त्याबद्दल लिहायचं आहे.

या अंकाच्या संपादकांनी खरं तर बांधकामातले 'भव्य अनुभव' मागितले होते. त्यांच्या डोळ्यांसमोर पूल, धरण, निदान पाण्याची टाकी असावी. सरकारी नोकरीत मी तीसेक वर्षं बांधकामांवर देखरेख केली, पण त्यातलं जे भव्य होतं ते चौकशीच्या फायलींत आहे आणि तिथेच बरं आहे. निवृत्तीनंतर यवतमाळात मी जे काम धरलं ते अगदी लहान. कुणी इमारत बांधायला काढली, की खोदकामाआधी मी आजूबाजूच्या घरांत जातो आणि त्यांच्या भिंतींना कुठे, किती भेगा आहेत ते लिहून, फोटो काढून आणतो. गल्लीतली पोरं मला 'भेगावाले काका' म्हणतात. नोकरीतल्या कुठल्याही पदनामापेक्षा हे अधिक नेमकं आहे.

या कामाची गरज का पडते, ते सांगतो. इमारत उभी राहिली की शेजारी म्हणतो, 'ही भेग तुझ्या मशीनमुळे पडली.' बांधणारा म्हणतो, 'ती तुझ्या आजोबांच्या काळातली आहे.' दोघंही शपथेवर बोलतात आणि दोघंही मनापासून बोलतात. कारण आपल्याच घरातली भेग माणसाने कधी नीट पाहिलेली नसते. शेजारी खड्डा पडला की ती दिसायला लागते.

त्यात आमची काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावर बसलेलं घर तिच्याबरोबर वरखाली होतं. वैशाखात जिच्यात आठ आणे जातील अशी भेग भादव्यात मिटून गेलेली असते. म्हणजे भेग नुसती पाहून भागत नाही, ती हलते आहे का हे पाहावं लागतं. त्यासाठी जुना आणि फुकटचा उपाय आहे. फोटोफ्रेमवाल्याकडे उरलेल्या काचेच्या पट्ट्या मिळतात. भेगेवर आडवी पट्टी ठेवायची, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की करायची, शेजारी तारीख लिहायची. भिंत हलली तर काच तडकते. काचेला ताणता येत नाही, समजूतही घालता येत नाही. माझी आणखी एक सवय म्हणजे, एक काच मी गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला लावतो, जिथे खोदकामाचा हादरा पोचणार नाही पण माती तीच आहे. दोन्ही काचा तडकल्या तर दोष मातीचा. खड्ड्याजवळची तडकली आणि दूरची शाबूत राहिली, तर दोष मातीचा नाही.

लोकांना मात्र हे काम अपमानाचं वाटतं. परका माणूस येतो, पलंग सरकवतो, देवामागची भिंत पाहतो आणि घरातलं व्यंग वहीत लिहितो. बाभुळगावला एक म्हातारी उंबऱ्यावर बसून माझं मोजमाप अर्धा तास पाहत होती. शेवटी तिने पाय पुढे केले आणि म्हणाली, "मोजूनच राह्यले त माह्या टाचीच्या बी मोजा बाप्पा. त्या बी लय जुन्या हाय." मी म्हटलं, "त्यांच्यावर काच लावता येत नाही, आजी." ती म्हणाली, "मंग कायचे इंजिनेर!"

आता दारव्ह्याची गोष्ट.

दारव्ह्याला किशोरभाऊ म्हणून सोयाबीनचे मोठे व्यापारी. बाजारापासून जवळच्या एका गल्लीत त्यांनी दुकानांची तीन मजली इमारत काढली, खाली तळघर. त्या गल्लीत तोवर विहिरीशिवाय कुणी खोल खणलं नव्हतं. भूमिपूजनाला मी गेलो होतो. जागेपेक्षा मंडप मोठा होता. खणण्याच्या मशीनला झेंडूचा हार घातला होता आणि फ्लेक्सवर किशोरभाऊ इमारतीपेक्षा उंच दिसत होते. इमारतीच्या रंगीत चित्रात समोर अशी झाडं दाखवली होती, जी आमच्या उन्हात एक दुपार टिकली नसती. चित्रातल्या इमारतीच्या उजव्या बाजूला हिरवळ होती. प्रत्यक्षात त्या जागी कादरभाईंचं घर होतं. मालक स्वतः शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर बसून आपल्या घराच्या जागी रंगवलेलं गवत पाहत होते.

कादरभाई शिलाई मशीन दुरुस्त करतात. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि मोरी, दुकानावर लाकडी माळा. घर वडिलांनी बांधलेलं, साधं विटांचं, पाया चार फूट आणि तोही काळ्या मातीत. त्याच्या डाव्या भिंतीपासून हातभरावर किशोरभाऊंचा खड्डा दहा फूट खोल जाणार होता. पायापेक्षा खोल खड्डा शेजारी म्हणजे काय, ते समजायला अभियंता लागत नाही. पोत्यांच्या थप्पीला खेटून असलेली खालची पोती ओढून पाहावीत, थप्पी त्याच बाजूला कलते.

किशोरभाऊंना वकिलाने सुचवलं म्हणून त्यांनी मला बोलावलं. त्यांच्या सुपरवायझरने दोन दिवस आधी कादरभाईंना निरोप दिला, "साहेब तुमचं घर पाहाले येऊन राह्यले." त्या निरोपात सगळं आलं. घर पाहायला साहेब येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय करतात? आवरतात. नसीमभाभींनी, म्हणजे कादरभाईंच्या पत्नीने, दोन दिवसांत दुकानाची सगळी दर्शनी भिंत पुट्टी भरून पिस्त्याच्या हिरव्या रंगात रंगवून काढली. दिवाळीला किंवा ईदला करतो तसं. परक्या माणसासमोर घराची लाज नको.

मी गेलो तर रंगाचा वास अजून दारातच होता. धुतलेले पडदे. मशीनी एका ओळीत. भाभी गुलाबाच्या सरबताचा ट्रे घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या मनगटावर हिरव्या रंगाचा एक ओघळ सुकलेला होता. "साब, बैठो. पहले शरबत लो," त्या म्हणाल्या.

कादरभाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, इथी एक भेग होती. खिडकीच्या कोपऱ्यावून थेट माळ्यापर्यंत. नख जाये इतली. हिनं बुजवली."

"केव्हापासूनची?"

"माह्या बापाच्या टायमाची असन. वाढत नवती. घरातल्या मान्सावानी राहे, कोनाले तरास नाई."

माझा नियम सरळ आहे. ताजी पुट्टी दिसली की खिळ्याने खरवडायची, खालची भेग उघडी करायची, फोटो घ्यायचा, काच लावायची. मी खिळा खिशातून काढला. भाभी भिंतीकडे पाहत होत्या. चेहऱ्यावर जो भाव होता तो मी मुलीच्या वधूपरीक्षेत बसलेल्या आयांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. भिंतीवर ब्रशचे फटकारे दिसत होते, वरच्या टोकाला जरा वेडेवाकडे, कारण तिथे त्यांचा हात पुरला नसावा. त्या रंगावर ओरखडा ओढायला माझा हात होईना. मी खिळा परत ठेवला आणि सरबत घेतलं.

वहीत लिहिलं: दर्शनी भिंत, भेग आढळली नाही. मला एका गोष्टीचा अभिमान होता की मी पाहिलेलं लिहितो, ऐकलेलं नाही. त्या दिवशी हा अभिमान फार सोयीचा ठरला.

मोरीच्या खड्ड्याकडच्या भिंतीला भाभींनी रंग दिला नव्हता. तिथे पाहुणे जात नाहीत. तिथे केसाएवढी भेग होती, तिच्यावर मी काच लावली. दुसरी काच गल्लीच्या टोकाला एका शिक्षकाच्या घरावर. अहवालाच्या शेवटच्या पानावर सूचना लिहिली: कादरभाईंच्या बाजूने खोदकाम सलग करू नये, दहा-दहा फुटांचे टप्पे घ्यावेत, प्रत्येक टप्प्याला आधार द्यावा आणि मगच पुढे जावं. अहवालाचं शेवटचं पान कुणी वाचत नाही. लोक पहिलं पान पाहतात, सही पाहतात, आणि प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून ठेवतात.

मशीन भाड्याने आणलेलं, त्याचे दिवस मोजके. ठेकेदाराने कादरभाईंकडची सगळी बाजू एका झपाट्यात खणून काढली. मे महिन्यात अवकाळी पाऊस झाला आणि खड्ड्यात पाणी साचलं. ते पंपाने उपसलं तेव्हा काठाची काळी माती चिखल होऊन घसरली. सकाळी मला कादरभाईंचा फोन आला.

"साहेब, बॉबिन पळून राह्यली."

मला कळलं नाही.

"अजी, टेबलावर बॉबिन ठेवली का ते आपोआप डाव्या भिंतीकडं जाते. दोन दिस झाले. आज त पडलीच खाली."

मी काळीपिवळी जीप पकडून दारव्ह्याला पोचलो. बॉबिन, म्हणजे मशीनमधली दोऱ्याची लहान चकती, मी स्वतः उभी ठेवून पाहिली. ती क्षणभर थांबली, जणू विचार केला, आणि डावीकडे निघाली. वर पाहिलं. हिरव्या रंगातून खिडकीच्या कोपऱ्यापासून माळ्यापर्यंत भेग उघडली होती, पूर्वी तिच्यात नख जात असे, आता माझं बोट गेलं. दारावर दुसरी, नवी. माळ्याची तुळई भिंतीतून दोन बोटं बाहेर सरकली होती. मोरीतली काच बरोबर मधोमध तडकली होती. तिथून मी सरळ गल्लीच्या टोकाला गेलो. शिक्षकाच्या घरावरची काच शाबूत.

"या माळ्याखाली झोपता?" मी विचारलं.

"झोपतो. जाव कुठी?" कादरभाई म्हणाले.

त्याच दुपारी किशोरभाऊंच्या साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात आम्ही बसलो. किशोरभाऊ, सुपरवायझर, कादरभाई आणि मी. भिंतीवर ते रंगीत चित्र होतं, हिरवळीसकट. मला दोन गोष्टी हव्या होत्या: पाऊस लागायच्या आत त्या बाजूचा खड्डा परत भरणं, आणि घराला आजच्या आज टेकू देणं. किशोरभाऊंचं म्हणणं होतं की उन्हाळ्यात काळ्या मातीतलं प्रत्येक घर तडकतं, त्यात त्यांचा काय दोष. माणूस दुष्ट नव्हता. इमारतीत पैसा अडकलेल्या माणसासारखा बोलत होता.

"तुमच्या रिपोर्टात त लिवलं हाय का भेग नाई," ते म्हणाले. "म्हंजे हे सारं माह्यावर? कादरभाई, तू सांग. अल्लाले मानतं ना तू? खिडकीवरची भेग आधी होती का नाई?"

कादरभाई 'नाही' म्हणू शकत होते. माझा सहीशिक्क्याचा कागद त्यांच्या बाजूने होता आणि दुसरा पुरावा जगात नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "होती."

"पाहा!"

"साहेबाले बी सांगतलं होतं म्या."

सगळे माझ्याकडे वळले. किशोरभाऊ खुर्चीत मागे टेकले. "म्हंजे रिपोर्टच खोटा. मंग मोरीतली काच तरी खरी कायची? झालं, उठा आता."

तीस वर्षं मी चौकश्यांत दुसऱ्यांना कबुलीजबाब देताना पाहिलं होतं. आता पाळी माझी होती. मी म्हणालो, "किशोरभाऊ, तुम्ही सोयाबीन घेता. पोत्याचं शिवलेलं तोंड पाहून कधी भाव देता का?"

"कायले देऊ? पोत्यात नळी खुपसतो, मधातला दाना काहाडतो."

"मी शिवलेलं तोंड पाहिलं आणि पोतं पास केलं. कादरभाईंनी मला सांगितलं होतं. खिळा माझ्या हातात होता. रंग ताजा होता म्हणून मी खरवडलं नाही. पुढच्या भिंतीबद्दलचं माझं लिखाण चुकीचं आहे आणि ते मी लिहून देतो. पण मोरीतल्या भेगेवर काच मी माझ्या हाताने लावली आहे. चला, दोन्ही काचा पाहा. ही नळी मी बरोबर खुपसली आहे."

सुपरवायझरचा फोन वाजला, त्याने तो बंद केला. मग किशोरभाऊ उठले. त्यांनी मोरीत वाकून तडकलेली काच पाहिली, बोट फिरवलं. भर उन्हात गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले, आणि शिक्षकाच्या भिंतीवरची शाबूत काच बराच वेळ पाहत राहिले. परत येऊन कादरभाईंच्या टेबलावर स्वतःच बॉबिन ठेवली. ती डावीकडे गेली. त्यांनी ती खाली पडायच्या आत पकडली.

"टेकू लावा," ते सुपरवायझरला म्हणाले. "आन् मशीनवाल्याले सांग, माती वापस भर. आज." मग माझ्याकडे न पाहता, "शेवटच्या पानावर काय लिवलं होतं ते वाचून दाखवा मले."

घर पडलं नाही. ते त्या दोन काचांमुळे, आणि माल पारखणाऱ्या एका माणसाच्या सवयीमुळे. कादरभाईंकडची बाजू भरली गेली, मोरीची भिंत किशोरभाऊंनी नवी बांधून दिली, तळघर आखल्याच्या निम्मंच उरलं. पुढच्या भिंतीचा प्रश्न मात्र सुटला नाही. तिच्या भेगेतलं जुनं किती आणि नवं किती, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. वकिलाने तेवढ्यावर बोट ठेवलं आणि किशोरभाऊंनी वकिलाचं ऐकलं. ते वेगळं सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याने त्या दिवशी सरबत घेतलं होतं.

सगळा पावसाळा ते दुकान टेकूंवर उभं राहिलं. आत काम करणं शक्य नव्हतं. कादरभाईंनी मशीनी बाजाराच्या कडेला एका पत्र्याच्या टपरीत नेल्या. गल्लीतल्या ज्या बायका डोक्यावर मशीन घेऊन दारात यायच्या, त्या तिकडे कशाला जातील? काही गेल्या, बऱ्याच नाही गेल्या. वडिलांनी बांधलेली भिंत त्यांनी कार्तिकात स्वतः उतरवली आणि स्वतःच नवी घातली.

मी एकदा त्यांना विचारलं, "त्या दिवशी 'होती' कायले म्हटलं?" ते एका मशीनचा पट्टा बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "साहेब, तुमाले त पयलेच सांगतलं होतं. एकच गोष्ट दोन येळा येगयेगळी कशी सांगू?"

त्यानंतर मी कुणाच्याही घरी गेलो की पाणी घेण्याआधी खिळा चालवतो. लोहाऱ्याला एका बाईंनी नव्या रंगावरचा ओरखडा पाहून मला सरळ घराबाहेर जायला सांगितलं. मी फोटो घेऊन गेलो. निरोपही आता मी स्वतः देतो: काही आवरू नका, काही रंगवू नका, घर जसं आहे तसं राहू द्या. बहुतेक जण तरीही रंगवतात.

नवी भिंत झाल्यावर नसीमभाभींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. माळा नव्या तुळईवर होता. भिंत नुसती विटांची, गिलावा नाही, रंग नाही. मला वाटलं काम अडलं असेल. भाभी म्हणाल्या, "अडलं नाई. आप देख लो पहले. फिर प्लास्टर होगा."

मी खालपासून वरपर्यंत सगळी भिंत पाहिली. प्रत्येक थर, प्रत्येक सांधा. खिडकीच्या कोपऱ्यापाशी आलो तेव्हा हात सवयीने खिशाकडे गेला. भाभींनी ते पाहिलं. या सगळ्या काळात त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नव्हता. आता मात्र विचारलं, "साब, उस दिन खुरचा क्यूं नहीं?"

मी खरं ते सांगितलं. रंग ताजा होता. तुम्ही इतक्या मेहनतीने लावला होता.

त्यांनी उघड्या विटांवरून हात फिरवला.

"रंग का क्या है, साब," त्या म्हणाल्या. "रंग तो मैं फिर लगा लेती."